पहिलं कोण पोचलं?

आमच्या साहेबांना जे जे वेडं म्हणाले ते सगळे आज बढतीवर आहेत. त्यातले एक तर नव्या भरतीच्या मुलांना शिकवायला जातात. काय शिकवतात देव जाणे. घटनास्थळी पोचल्यावर कुणाच्या ओट्यावर बसायचं आणि चहाला दोनदा नाही म्हणून मग हो कसं म्हणायचं, हे त्यांना उत्तम येतं. तेवढं तरी शिकवत असतील.

मला राग येतो. अजून येतो. आमचे मिस्टर म्हणतात, तू भांडी घासताना कुणाशी भांडत असतेस? मी म्हणते, खात्याशी. ते म्हणतात, मग जरा हळू भांड, पातेल्याला पोचे पडतायत.

साहेब म्हणजे रावेरकडच्या एका लहान ठाण्याचे प्रभारी, सहायक निरीक्षक. मी तिथं शिपाई होते. वर्दी नवी, बूट चावणारे, आणि डोक्यात सिनेमातले पोलीस. हद्दीत जिकडे बघावं तिकडे केळी. गुन्हे म्हणाल तर घडांची चोरी, बांधावरची मारामारी, मोटारीची केबल कापून नेणं, असलेच. आणि अधूनमधून एखाद्या घरची सून "गेली" असा फोन. खेड्यात सुना मरत नाहीत, नुसत्या "जातात". साहेबांना त्या शब्दाची चीड होती. ते फोनवर विचारायचे, "गेली म्हणजे कुठं गेली? बाजारात गेली का?"

उंच माणूस, मान पुढे काढून चालायचे. पँटचा उजवा खिसा कायम फुगलेला. त्यात सुतळीचा गुंडा. आमच्यातले काही जण म्हणायचे, साहेबांना बायको डब्यात भाजी देत नाही, खिशात बटाटा देते. साहेबांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी गुंडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा बटाटा तुमच्या पिस्तुलापेक्षा जास्त उपयोगी आहे. पिस्तूल तुम्ही आजवर कितीदा काढलं?" कुणीच काढलं नव्हतं.

काहीही झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पहिलं कोण पोचलं?" काय चोरीला गेलं, कोण मेलं, कुणावर संशय, हे सगळं नंतर. त्यांचं म्हणणं असं, की गुन्हा करणाऱ्यानं जेवढं मागं ठेवलेलं असतं, तेवढं पहिला पोचलेला माणूस एकतर वाचवतो नाहीतर खातो. खातो हाच शब्द वापरायचे. ठाण्यातल्या फिल्टरजवळ कुणी पाणी सांडलं तरी विचारायचे, पहिलं कोण पोचलं? मग आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे.

दुसरा मंत्र होता "आधी जीव, मग जागा, मग जबाब." ह्याचा क्रम चुकला की साहेब भडकले. पोचलात की आधी जो पडलाय त्याच्या गळ्याला बोटं लावा, जिवंत आहे का बघा. मेला हे डॉक्टर सांगतील, तुम्ही कोण सांगणारे? जीव असेल तर पंचनामा गेला खड्ड्यात, गाडीत घाला आणि पळा. त्यानंतर जागा. सुतळी बांधा, माणसं बाहेर काढा, एकच वाट ठरवा, भिंतीच्या कडेकडेनं जा, त्याच वाटेनं या. आणि जबाब सगळ्यात शेवटी, कारण माणसं कुठं पळून जात नाहीत, पण मातीवरचा पायाचा ठसा जातो.

आणि हात मागं. हा तर त्यांचा सगळ्यात विचित्र नियम. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकानं आपलंच मनगट आपल्याच हातानं पाठीमागं धरायचं. नवीन लग्न झालेल्या मुली सासऱ्यासमोर उभ्या राहतात ना, तसे आम्ही पोलीस उभे. लोक हसायचे. साहेब म्हणायचे, "हात मोकळे राहिले की शहाणपणा करतात. दिवा लावतात, बाटली उचलतात, पंखा बंद करतात. तुम्हाला कळतसुद्धा नाही."

आता आमच्या खानदेशात दारात माणूस आला की आधी पाणी, मग खुर्ची, मग चहा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पण म्हणून पोलिसाला चहा मिळत नाही असं नाही. तो शेजारून येतो. आणि खुर्ची हमखास तिथंच टाकतात जिथं सगळं घडलेलं असतं, कारण पोलिसाला बघायला सोपं जावं. किती प्रेमळ लोक. साहेब खुर्ची बघितली की ओरडायचे, "उचला ती. ओढत नेऊ नका, सरळ उचला." एकदा एका सरपंचांनी हट्टानं बसवायला बघितलं, "बसा ना साहेब, उभ्यानं काय बोल्ता?" तर साहेब म्हणाले, "मी बसलो तर माझ्याखालचं गेलं. तुमची सून काय म्हणेल?" सरपंचांना काही कळलं नाही. घरात सून मेलेली, ती काय म्हणणार? पण साहेबांचा हिशेब असाच. त्यांच्या लेखी मेलेला माणूस अजून काहीतरी सांगत असतो, आणि आपण त्याच्या बोलण्यावर खुर्ची ठेवून बसतो.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, काय देवमाणूस. अजिबात नाही. अतिशय तापट, तिरसट. पाठ कधी थोपटली नाही. मला दोनदा रडवलंय, त्यातलं एकदा भर बाजारात. सगळ्यांना "अहो" म्हणायचे, शिपायालाही, पण त्या "अहो"मध्ये इतकी धार की त्यापेक्षा शिवी परवडली. त्यांच्या मिसेस एकदा ठाण्यात आल्या होत्या. मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात यांनी आधी मांडवाला कडेकडेनं चक्कर मारली, मग बोहल्यावर चढले. माझ्या वडिलांना वाटलं, नवरदेव पळायची वाट शोधतोय." घरातसुद्धा साहेब खोलीच्या मधून चालत नसत. कडेनं. गालिचा मधोमध कोराच राहिला आणि कडा झिजल्या, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत.

असोद्याला आम्ही भरताची पार्टी केली होती, हिवाळ्यात, शेतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, कळण्याची पुरी, वर मिरचीचा ठेचा. साहेब आले ते आधी बांधावर उभे राहून सगळीकडे नजर फिरवत राहिले. तेवढ्यात एका हवालदाराचा मोबाइल सापडेना. सगळे उठून गवतात शोधायला लागले, आणि साहेब गरजले, "थांबा. जो जिथं आहे तिथंच." आम्ही पुतळे. एकाच्या हातात पत्रावळ, एकाच्या तोंडात घास. साहेबांनी सुतळी काढली, शेवग्यापासून विहिरीपर्यंत बांधली, आणि कडेकडेनं एकेक पाऊल टाकत गवत बघायला लागले. भरीत गार झालं, पुऱ्या चिवट झाल्या. मोबाइल शेवटी निघाला त्या हवालदाराच्या स्वतःच्या मोटारसायकलच्या पिशवीत. साहेबांना काही वाटलं नाही. म्हणाले, "असो. गवत तरी तुडवलं गेलं नाही." त्या दिवशी त्यांच्या पाठीमागं जे बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही.

पण हसण्यावारी नेलं तोवर ठीक होतं. पुढं एका केळीच्या व्यापाऱ्याकडे घरफोडी झाली. आम्ही पोचलो तर अर्धं गाव कपाटासमोर. त्यात तिथले एक पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, ते सांत्वनाला आलेले, त्यांचा माणूस फोटो काढतोय. भाऊ फोडलेल्या कपाटाच्या दारावर हात ठेवून उभे. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, भाऊंनाही. वर म्हणाले, "भाऊ, बूट काढा. आतले सगळे ठसे मला वेगळे करायचे आहेत. तुमचा कोणता आणि चोराचा कोणता, हे कळायला नको?" आणि भाऊंच्या बुटाचा तळवा कागदावर घेतला. बोटांचे ठसेपण घेतले. गावासमोर.

संध्याकाळी वरून फोन. चोर सापडला का, असं कुणी विचारलं नाही. भाऊंचा बूट का काढला, एवढंच. चोर सापडला तेव्हाही फोन आला नाही. बूट मात्र साहेबांच्या नावाला कायमचा चिकटला. वर्षभर कोणी ना कोणी विचारायचं, काय, आज कुणाचा बूट? मी तेव्हाच ओळखलं, ह्या खात्यात काम चुकलं तर चालतं, माणूस दुखावला तर चालत नाही. आणि माणूससुद्धा कोणता, तर बूट घातलेला.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसले ते.

आमच्या हद्दीतल्या काही गावांचे बीट हवालदार होते आबा. सगळे त्यांना आबाच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. वाईट असता तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. आबा म्हणजे कुणाच्याही लग्नात वाढायला उभे राहणारे, भांडणं चावडीवर मिटवणारे, म्हाताऱ्यांची औषधं जळगावहून आणून देणारे. गावोगाव त्यांना घरचं मानायचे.

ऐन उन्हाळ्यातली सकाळ. पोलीस पाटलाचा फोन आला, अमक्याची सून गेली, फवारणीचं औषध प्याली. आम्ही बाजाराच्या बंदोबस्तात होतो. आबा शेजारच्याच गावात, म्हणून ते पहिले पोचले. साहेबांनी त्यांना फोनवर सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं, "आबा, आधी नाडी. मग दार अडवा. काही हलवू नका, मी येतोच."

आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत आबा बसलेले, हातात बशी. अंगणात बायकांचा गलका. साहेबांनी आबांकडे बघितलंही नाही, सरळ मधल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि थांबले. मी मागं होते. त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं.

जमीन नुकतीच सारवलेली होती. ओली, हिरवी, बोटांच्या अर्धगोल रेघा एकसारख्या. शेणाचा वास दारापर्यंत. इतकं सुबक सारवण मी माझ्या आईच्या हातचंही बघितलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मयत उचललं की ती जागा लगेच सारवायची. उघडी ठेवायची नाही. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही, बायका आपोआप उठतात, कुणी शेण आणतं, कुणी बादली. आणि ते करताना रडतही असतात. त्या बायकांना मी दोष देत नाही. पण तिथं एक वर्दीतला माणूस हजर होता. त्यानं पोरीला पिकअपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं, आणि बायकांना वर सांगितलं, "माहेरचे यायच्या आत घर जरा नीट करून घ्या. बिचाऱ्यांना असं दिसायला नको." माणुसकीनं सांगितलं. मग काय, फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे झाडून उकिरड्यावर, औषधाची बाटली मुलांच्या हाताला लागू नये म्हणून शेतात भिरकावलेली, उलटीनं भरलेलं अंथरूण बोअरवर धुवायला. सगळं नीट. सगळं स्वच्छ.

साहेब उंबरठ्यावरूनच बोलले, हळू आवाजात. "आबा, नाडी कोणी पाहिली?"

आबा बशी खाली ठेवून उठले. "गेलीच होती साहेब."

"कोणी पाहिली?"

"म्हणजे... बायका म्हणत होत्या ना."

साहेबांनी अंगणातल्या एकेका माणसाला तेच विचारलं. सासऱ्याला, नवऱ्याला, पोलीस पाटलाला. सासरा म्हणाला, "साहेब, पोरगी तं गेलीच व्हती, आता काय पाहायचं राहिलं?" इतकी माणसं तिच्याभोवती रडत बसली होती, आणि तिच्या मनगटाला हात कुणी लावला नव्हता. पिकअप यायला बराच वेळ लागला होता म्हणे. त्या वेळात ती जिवंत होती की नव्हती, हे दवाखान्यातले डॉक्टरही नंतर सांगू शकले नाहीत.

साहेब उंबरठ्यावर खाली बसले. घटनास्थळी त्यांना बसलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुपारी मुलीची आई आली, सोनगीरहून, भाड्याच्या जीपनं. साठीच्या आसपासची, काटक, शेतात राबलेली बाई, बोलणं अहिराणी. रडत आली नाही. आल्या आल्या आपली पोर कुठं म्हणून विचारलं, "मनी पोर कोठे शे?" दवाखान्यात म्हटल्यावर ती तशीच मधल्या घरात गेली, आणि जमिनीकडे बघून थांबली. "आठेच पडेल व्हती ना? बठ्ठं सारी टाकं?"

म्हणजे, इथंच पडली होती ना, सगळं सारवून टाकलं? मग ती सासूकडे वळली. "तिनी पिशवी कोठे शे?"

"कायची पिशवी?" सासू म्हणाली.

आदल्या संध्याकाळी मुलीनं फोन केला होता. माय, मला घ्यायला ये, मी पिशवी भरून ठेवलीय. जी बाई माहेरी जायला पिशवी भरून ठेवते ती सकाळी उठून औषध पिईल का? हा त्या आईचा, अक्काचा, सवाल होता, साधा, आणि त्याचं उत्तर त्या घरात सकाळपर्यंत कुठंतरी होतं. पलंगाखाली, नाहीतर खुंटीला. आता कपडे घडी घालून ट्रंकेत आणि पिशवी कुठंच नाही. आवरताना कुणी आवरली, की आवरायच्या निमित्तानं कुणी नाहीशी केली, देव जाणे.

आणि मग साहेबांनी ते केलं ज्याबद्दल त्यांना खात्यानं कधी माफ केलं नाही. ते अक्कासमोर उभे राहिले, सगळ्या गावादेखत म्हणाले, "अक्का, ही जागा आमच्या माणसासमोर पुसली गेली. त्यानंच पुसायला सांगितली. चूक आमची आहे."

आबांचा चेहरा मला बघवला नाही. अक्का साहेबांकडे बघत राहिली. तिला बहुतेक वाटलं असेल, हा पोलीस नसावा.

केस कोर्टात गेली, पण तिच्यात जीव नव्हता. पुराव्याला काय होतं? फोनवरचं बोलणं, तेही आईचं, आणि अंगावर काही खुणा. साहेबांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी वरिष्ठांनी त्यांना बोलावलं. म्हणाले, एवढंच सांगा की आबा पोचायच्या आत घरच्यांनी सारवलं होतं. म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा ठपका सासरच्यांवर जातो, केस उभी राहते, आबाही वाचतात. सगळ्यांचं भलं. साहेब म्हणाले, "पण तसं झालेलं नाही."

कोर्टात आरोपीच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं. जमीन कधी सारवली? साहेब म्हणाले, "आमचा हवालदार हजर असताना. त्याच्या सांगण्यावरून." सरकारी वकिलानं डोळे मिटून घेतले. संशयाचा फायदा देऊन सगळे सुटले.

खरं सांगते, त्या दिवशी मलाही साहेबांचा संताप आला. एक वाक्य. एक वाक्य इकडचं तिकडं केलं असतं तर ती माणसं आत असती. बाहेर आल्यावर मी तसं बोललेसुद्धा, रागारागात. साहेब म्हणाले, "अहो ताई, जागा आबांनी पुसली. आता साक्षही मी पुसू का?" मला ते तेव्हा पटलं नाही. आजही रात्री अंथरुणावर पडलं की कधी पटतं, कधी पटत नाही.

अक्का आवारातल्या निंबाखाली बसली होती. मला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि द्याव्यातच. ती उठून साहेबांपाशी आली. म्हणाली, "भाऊ, मंग त्या दिन पहिले उना त्यानी काय कराले पाह्यजे व्हतं? ते माले सांगा."

जो पहिला आला त्यानं काय करायला हवं होतं, हा प्रश्न एवढ्या नोकरीत साहेबांना कुणी विचारला नव्हता. ना वरिष्ठांनी, ना आम्ही. आम्हाला तर ते न विचारता सांगायचे आणि आम्ही जांभया द्यायचो. साहेबांनी खिशातून सुतळी काढली. निंबाखालच्या मातीत चौकोन केला, ही खोली समजा अक्का, हा उंबरठा. पोचलं की आधी काय. गळ्याला बोटं कुठं लावायची, हे तिच्या स्वतःच्या गळ्यावर तिचीच बोटं ठेवून दाखवलं. सुतळी कशी बांधायची. कुणाला आत सोडायचं नाही. हात मागं का. कडेकडेनं का. वकील, पक्षकार, शिपाई सगळे बघत जात होते, कुणी हसतही होतं. अक्का एकेक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होती. शेवटी म्हणाली, "इतलंच?"

"इतकंच," साहेब म्हणाले. आणि तोंड फिरवून उभे राहिले.

त्यानंतर साहेबांची बदली नियंत्रण कक्षात. खात्याची बेअब्रू केली म्हणून. दिवसभर फोन घ्यायचे. तिथंही सुखानं बसले नाहीत. लोक घाबरून फोन करायचे आणि हे विचारायचे, नाडी बघितली का? आधी बघा, मग पत्ता सांगा. त्याचीही तक्रार झाली. आबा निवृत्त झाले तेव्हा मोठा कार्यक्रम, शाल, श्रीफळ, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व वगैरे भाषणं. साहेब निवृत्त झाले तेव्हा चहासुद्धा नाही. त्यांनी घेतला नसता, ही गोष्ट वेगळी. आता धुळ्यात देवपुरात राहतात. संध्याकाळी फिरायला निघतात, हात मागं, रस्त्याच्या कडेकडेनं.

मी यथावकाश हवालदार झाले आणि मिस्टरांच्या नोकरीमुळे बदली मागून धुळे जिल्ह्यात आले. गेल्या वर्षीची गोष्ट. हायवेवर गस्तीला होतो आणि कॉल आला, सोनगीरच्या पुढं एका खेड्यात बाई पडलीय, औषध प्यालीय. आम्ही निघालो खरे, पण मध्ये उसाच्या ट्रॉल्या, मध्ये रस्त्याचं काम. पोचायला उशीर झालाच.

घरासमोर गर्दी. एक माणूस तावातावानं ओरडत होता. एक बाई शेणकाल्याची बादली घेऊन तयार उभी. आणि दारात, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी बांधलेली, आणि तिच्या मागं उंबरठ्यावर एक म्हातारी आडवी बसलेली. पदर फाटलेला. दंडावर ओरखडे, कुणीतरी ओढून उठवायचा प्रयत्न केलेला दिसत होता.

"अक्का?" मी म्हटलं.

तिनं ओळखलं की नाही कळलं नाही. म्हणाली, "थांब. हात मांगे."

मी हात मागं घेतले. माझ्यासोबतचा शिपाई माझ्याकडे बघायला लागला, मी त्यालाही घ्यायला लावले.

"बाई कुठंय अक्का?"

"धुळाले गयी. जीव व्हता. बठ्ठ्या बाया रडत बठेल व्हत्यात, नाडी कोनीच दखेल नव्हती. मी दखी. गाडीमां टाकी दिधं." मग तिनं सुतळी जराशी वर उचलली. "भिताडना कडेकडे जाय. मधमां कोनी जायेल नही. बाटली तठेच शे."

ती तिथं लग्नघरी आली होती, नात्यातल्या कुणाच्या हळदीला. शेजारच्या घरातून रडणं ऐकलं आणि पत्रिका, हळद सगळं टाकून धावली. सुतळी मांडवाचीच कापून आणली होती. ओरडणारा माणूस त्या घरचा दीर होता. तो मला म्हणत होता, ही बाई कोण आमच्या दारात बसणारी, अपशकुनी, हिच्यावर केस करा. मी त्याला काय म्हटलं ते वर्दीतल्या बाईनं म्हणू नये.

भिंतीच्या कडेनं आत गेले. बाटली तिथंच. पेला तिथंच. सांडलेलं तिथंच. पलंगाची चादर एका बाजूला ओढलेली, आणि जमिनीवर टाचा घासत गेल्याच्या खुणा, दोन, अगदी स्पष्ट. पिणारी बाई टाचा घासत नाही. ते आता कुणी पुसलं नव्हतं.

ती पोरगी वाचली. शुद्धीवर आली आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं, कुणी धरलं, कुणी पाजलं. पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, पोलिसांच्या तत्परतेमुळे विवाहितेचे प्राण वाचले. अक्काचं नाव नाही. मी वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, स्थानिक नागरिकांचं सहकार्य लाभलं असं शेवटी टाकलंय ना. टाकलंय. शेवटच्या ओळीत टाकलंय.

पण ते नंतरचं. त्या दिवशी बाहेर येऊन मी आधी साहेबांना फोन लावला. काय झालं ते एका दमात सांगितलं. पलीकडून तोच प्रश्न.

"पहिलं कोण पोचलं?"

"अक्का."

"कोण अक्का?"

"निंबाखालची. सोनगीरची."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "आपल्यातलं कोणी?"

"नाही साहेब. आपण नंतर."

"खुर्ची?"

"आणली होती. चहापण आला होता शेजारून. अक्कानं परत पाठवला."

साहेब म्हणाले, "तिला आता उठवा. पाणी द्या. उन्हात बसली असेल."

मी पाण्याची बाटली घेऊन गेले. अक्का तशीच उंबरठ्यावर, हात मागं धरून, नजर आतल्या जमिनीवर. मी खाली वाकून म्हटलं, "अक्का, उठा आता. फॉरेन्सिकची गाडी निघालीय. पोलीस आलेत."

तिनं पाणी घेतलं. उठली मात्र नाही.

"तुम्ही आलात ना," ती म्हणाली, "म्हनीसनच बठेल शे मी."